बुर्गल टेबलाशी बसली तेव्हा

"बसा खाली! उठायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

बुर्गलचा आवाज सगळ्या खोलीत घुमला आणि अर्धवट उठलेले आम्ही सहाजण पुन्हा धपकन बाकावर बसलो. माझी तर टोपीसुद्धा हातात आली होती. खरं सांगतो, मागे जाऊन बसा, हे मारिउसचं वाक्य संपायच्या आतच मी उठलो होतो. सत्तावीस वर्षं डोंगरावरच्या खुर्ची-लिफ्टवर लोकांना बसवतोय आणि उतरवतोय, पण स्वतःवर वेळ आली की माझे पाय आधी दाराकडेच वळतात.

मारिउस आमच्या रोटेक हटचा, म्हणजे लिफ्टच्या वरच्या टोकाच्या खानावळीचा, नवा मॅनेजर. म्हातारी मालकीण गेली आणि तिच्या भाच्यांनी हट खालच्या गावातल्या हॉटेल कंपनीला विकली, तेव्हा कंपनीनं याला वर पाठवला. पोरगा वाईट नव्हता. नीटनेटका, घाबरट, सारखा फोनकडे बघणारा. पण त्यानं आमच्या टेबलाला हात घातला.

भट्टीजवळचं ते गोल टेबल आमचं होतं. आमचं म्हणजे चार लिफ्टवाले आणि रात्रभर बर्फ सपाट करणाऱ्या यंत्रांवरचे दोघे. पावणेअकराला, पाहुणे उतारावर स्की करत असताना आणि हट रिकामी असताना, आम्ही तिथे जेवायचो. लिफ्ट उभी राहिली त्याच वर्षी मालकिणीनं सांगून टाकलं होतं, "लिफ्टचा दोर फिरतोय तोवर हे टेबल तुमचं." टेबलावर लोखंडी पाटी असायची. तिथे बसायचं तर सगळ्यात जुन्या माणसाची परवानगी लागायची, मग तुम्ही कोणीही असा. एकदा जिल्ह्याचा मोठा अधिकारी पाटी न वाचता बसला होता. त्याला बुर्गलनं बखोट धरून उठवला आणि वर विचारलं, "चर्चमध्ये गेल्यावर थेट पाद्र्याच्या खुर्चीत बसतोस का?"

त्या सकाळी पाटी गायब होती. तिच्या जागी छापील कार्ड होतं: राखीव. मारिउसनं हे टेबल 'पर्वतीय मेजवानी'साठी विकलं होतं. पाच पदार्थ, भट्टीची ऊब आणि खिडकीतून सगळी डोंगररांग. अकराचे पाहुणे दहा मिनिटं आधीच येऊन दारात उभे होते. आईबाप, आजोबा आणि एक मुलगी, उत्तरेकडच्या सपाट मुलखातले, नवीकोरी जाकिटं घातलेले. आमच्यासाठी त्यानं मागे बाटल्यांच्या क्रेटपाशी एक फळी टाकून ठेवली होती.

"बुर्गल, पाहुणे ताटकळलेत," मारिउस खालच्या आवाजात म्हणाला.

"दिसतायत की. त्या खिडकीपाशी चौघांचं टेबल मोकळं आहे. तिथे बसव."

"त्यांनी हे बुक केलंय."

"हे विकायला कधी होतं?"

"कालपासून आहे. ऑफिसनं ठरवलंय."

"ऑफिसला म्हणावं, एकदा वर ये आणि ह्या माणसांच्या तोंडावर सांग. पहाटे चारला ह्यांनी बर्फ सपाट केला नाही, तर तुझे पाहुणे पोटावर घसरत येतील जेवायला."

बुर्गल हे असं बोलायची. तिचं खरं नाव नोटबुर्गा. एकोणसाठ वर्षांची, अंगानं दणकट, उजवा गुडघा दोनदा मोडलेला. एकतीस हिवाळे ती रोटेकवर वाढप करत होती. सकाळी लिफ्टच्या पहिल्या पाळण्यानं वर यायची आणि संध्याकाळी उतार रिकामा झाला की स्की लावून एकटी खाली जायची. चुटकी वाजवून बोलावणाऱ्या गिऱ्हाइकाला ती म्हणायची, "कुत्रा बाहेर बांधलाय, त्याला बोलाव." तरी ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत यायचं आणि तिलाच शोधायचं.

आणि माझी बायको घर सोडून गेली त्या हिवाळ्यात बुर्गलनं मला एका शब्दानं काही विचारलं नाही. सगळ्यांच्या सूपात पावाचे दोन गोळे असायचे, माझ्यात तीन. मार्चपर्यंत तीन. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

एवढं असून मी गप्प बसलो होतो. आम्ही सगळेच. तिची पेन्शन सहा आठवड्यांवर आली होती, हे आम्हा सहाही जणांना ठाऊक होतं. कोणीतरी "राहू दे, जातो आम्ही मागे" म्हणायला हवं होतं, नाहीतर निदान "जा, नाही उठत" तरी म्हणायला हवं होतं. आम्ही दोन्ही म्हटलं नाही. सूपाकडे बघत राहिलो.

मारिउसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पाहुणे बघत होते, स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्वयंपाकीण रोझल बघत होती. माणूस असा कोंडीत सापडला की नको ते बोलून बसतो.

"शेवटचं सांगतो. ह्यांना मागे ने, नाहीतर एप्रन काढून ठेव."

बोलला आणि लगेच पांढरा पडला. शाळांच्या सुट्टीचा आठवडा, वाढणाऱ्या दोघींपैकी एक तापानं झोपलेली, आणि बाराला दोनशे माणसं बर्फ झटकत आत येणार. ती एप्रन काढणार नाही असं धरूनच तो बोलला होता. आम्हालाही तसंच वाटलं होतं.

बुर्गलनं हात पाठीमागे नेले आणि गाठ सोडली. एप्रनची नीट चौकोनी घडी केली. कमरेची चामड्याची पैशांची थैली सोडून त्या घडीवर ठेवली आणि दोन्ही मारिउसच्या हातात दिली. त्यानंही वेड्यासारखी घेतली.

मग तिनं शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढत आणली आणि आमच्या टेबलापाशी उभी राहिली. एकतीस वर्षांत ती तिथे कधी बसली नव्हती. वादळानं आम्ही दोन-दोन दिवस अडकून पडलो, तरी नाही. वाढणाऱ्या बाईनं त्या टेबलाशी बसायचं नाही, ही रीत आम्हीच पाळत आलो होतो आणि त्याचं कधी काही वाटलंही नव्हतं.

"सेराफिन," ती म्हणाली, "जागा आहे का?"

सेराफिन आमच्यातला सगळ्यात जुना. यंत्राच्या घरघरीनं त्याचा एक कान गेलेला. आठवड्यातून चार वाक्यं बोलायचा. तो बाकावर डावीकडे सरकला.

"एवढा उशीर का केलास?" तो म्हणाला.

बुर्गल बसली. कोपरं टेबलावर टेकली आणि मान न वळवता हाक मारली, "मारिउस! एक सूप आण, पावाच्या गोळ्यांचं. चमचा पुसून."

"बुर्गल, तू हे काय..."

"तू? डोंगरावर आम्ही सगळ्यांना अरे-तुरे करायचो. गिऱ्हाइकाला अहो-जाहो करायचा नियम तूच आणलास ना? मग पाळ की. मी आता गिऱ्हाईक आहे."

पाहुण्यांतले आजोबा मोठ्यानं हसले. त्यांनी आपल्या माणसांना खिडकीकडे पिटाळलं आणि जाता जाता सेराफिनला सलाम ठोकला. मारिउस काखेत एप्रन धरून तसाच उभा होता.

"बुर्गल, तुम्हाला..." त्यानं एप्रनची घडी दुसऱ्या काखेत धरली. "तुम्हाला सूपाबरोबर पाव हवा आहे का?"

"राईचा. कडेचा तुकडा."

सूप त्यानंच आणलं. दुसरं कोण आणणार? बशीत थोडं सांडलंही. बुर्गलनं एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि चमचा खाली ठेवला.

"मीठ कमी आहे. एकतीस वर्षं मी हेच वाढत होते तुम्हाला?"

"जीभ भाजली असेल तुझी!" रोझल आतून ओरडली. "जन्मात पहिल्यांदा गरम खातेयस!"

आम्ही पोट धरून हसलो. बुर्गलही हसली, पण तिनं सूप शेवटच्या थेंबापर्यंत सावकाश संपवलं. घाई कशी ती नाहीच. मग पैसे दिले, वर मारिउसला टीप दिली, आणि बाहेर जाऊन भर दिवसा स्की लावले. मी तिच्या मागे बर्फात गेलो. माफी मागायची होती. तोंडातून निघालं भलतंच.

"गुडघा सांभाळ."

"तू तुझी लिफ्ट सांभाळ, फिन्त्स," ती म्हणाली आणि निघाली. गर्दीतून, नवशिक्यांच्या मधून, जुन्या पद्धतीची लांब वळणं घेत. पार खालच्या झाडांपर्यंत मी तिचा स्कर्ट ओळखत होतो.

त्या रात्री मला वाटलं, झालं, संपलं. दुसऱ्या दिवशी पावणेअकराला आम्ही पोचलो तर टेबलावर 'राखीव'चं कार्ड होतंच. आम्ही ते पाहूनही बसलो. एवढं तरी शिकलो होतो. पाच मिनिटांनी दार उघडलं. बुर्गल. रविवारचा हिरवा कोट, पिसाची टोपी, गळ्यात गाववाल्यांना मिळणारा लिफ्टचा हिवाळाभराचा पास.

"ह्या पासावर कंपनीचा बाप मला अडवू शकत नाही," ती म्हणाली. "एप्रिलपर्यंत रोज येणार." तिनं कार्ड उचललं, भट्टीचं झाकण उघडलं आणि आत टाकलं.

मारिउसनं काऊंटरमागून पाहिलं. सात सूपं घेऊन आला.

जेवताना ती आमच्या दुप्पट बोलली. पाळणा उशिरा आला, पाव शिळा आहे, सेराफिननं दाढी करायला हवी. आमचं खाणं संपलं तसा तिचा हात आपोआप पुढे झाला. माझी वाटी सेराफिनच्या वाटीत, त्यात तिसरी, चौथी, चमचे वर. सातही वाट्यांची चळत करून, ती डाव्या हातावर तोलून बुर्गल अर्धी उठलीही होती.

मग थांबली. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. चेहरा एकदम म्हातारा झाला तिचा. मी हात पुढे केला, तर तिनं डोळ्यांनीच मला दटावलं. ती परत बसली, चळत टेबलाच्या मधोमध ठेवली आणि रिकामे हात मांडीवर घेऊन, पाठ ताठ ठेवून वाट पाहत राहिली.

मारिउस आला. दोन्ही हातांनी चळत उचलू लागला.

"खालून धर," बुर्गल म्हणाली. "वरचा चमचा घसरतो."