हळू चालवलेलं पातं

मित्रांनो, मी एक जुना लाल खटका आहे. साजगावच्या एका कारखान्यात कागद कापणाऱ्या मशीनचा संगणक होता, त्याच्या पेटीवर माझी जागा. मला एकदा दाबलं की संगणक एकच आज्ञा पाळायचा आणि पुढच्या दाबापर्यंत हूं की चूं करत नसे. मी थांबवलं की बोरघाट चढणारी मालगाडीसुद्धा जागच्या जागी उभी राहायची. खोटं वाटत असेल तर मालगाडीला विचारा!

मला बसवलं मोरूनं. तो तिथला तंत्रज्ञ. प्रोग्राममधल्या चुका पकडणारा डीबगर तो लिहीत होता.

एके दिवशी पातं पडलं, वर गेलं आणि लगेच पुन्हा पडलं. मशीनवर काम करणाऱ्या कान्हाची दोन बोटं गेली.

"घाईत यानंच पातं पाडायचं पेडल पुन्हा दाबलं असणार," मोठे साहेब म्हणाले.

"नाय साहेब! मी परत पाय लावलाच नाय. पातं आपसूक आलं."

"मोरू, एकेक पायरी चालवून दाखव."

"हळू चालवून चूक दिसणार नाही, साहेब. ती वेगातच होते. परवापर्यंत संगणकात बसवायचं माझं कार्ड तयार होतंय. ते पुऱ्या वेगात पहारा देईल. संगणक पात्याची जी खूण आठवणीत ठेवतो, तिला प्रोग्रामच्या कुठल्याही भागानं हात लावला, की संगणक तिथंच थांबेल."

"तोवर काम बंद ठेवू? दाब खटका!"

मोरूनं मला दाबलं. पुन्हा दाबलं. पातं उतरलं, वर गेलं, गप्प राहिलं. काय त्याचा शहाणपणा!

दाराशी कान्हाची बायको पारू उभी होती. "त्या दिवशी असंच रांगत होतं का रं, मोरू?"

संध्याकाळी कान्हाला कामावरून काढलं.

मग कार्ड लागलं. मशीन पुऱ्या वेगात सोडलं आणि थोड्याच वेळात संगणक गचकन थांबला. प्रोग्रामचा कागद मोजणारा भाग मध्येच घुसून 'पातं पडून गेलं' ही खूण पुसत होता. संगणकाला वाटे, पातं अजून पडायचंच आहे, आणि तो ते पुन्हा पाडे. मी एकेक पायरी चालवायचो, तेव्हा त्या भागाला घुसायला फटच मिळत नसे.

मोरू धावत साहेबांकडे गेला. "कान्हाला परत बोलवा, साहेब."

"चूक सापडली ना? दुरुस्त कर आणि गप्प बस."

पुढं पाहुणे आले, की साहेब माझ्याकडे बोट दाखवत. "मशीन निर्दोष आहे, हे या खटक्यानं सिद्ध केलं." मला तोंड असतं तर थुंकलो असतो.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, मला रंग देऊ नका. फक्त एखाद्याचा हात गेला, तर तो ज्या वेगात गेला त्याच वेगात मशीन चालवून बघा. दोष कुणाचा ते त्यानंतर बोला.