भुलाबाईचा सर्व्हर

पद्मिनीबाईंचं फोनवरच्या निरोपांचं खातं कंपनीने बंद केलं, त्याला कारण भुलाबाई.

रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या त्यांच्या घरी दरवर्षी भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाईची मातीची मूर्ती बसते आणि कोजागिरीला उठते. रोज संध्याकाळी गाणी, मग डब्यात लपवलेला खाऊ खुळखुळवायचा आणि जमलेल्या बायकांनी तो आवाजावरून ओळखायचा. पूर्वी बायका न बोलावता यायच्या. आता बोलावलं तरी फोनवर हात जोडलेलं चित्र पाठवून मोकळ्या होतात. म्हणून यंदा बाईंनी कंबर कसली. ओळखीच्या, अर्धवट ओळखीच्या, कुठल्याशा लग्नात एकदा भेटलेल्या अशा झाडून सगळ्यांना त्यांनी एका दमात एकच निरोप धाडला: ‘घरी या. डब्यात काय आहे ते ओळखा. बक्षीस मिळेल.’

आता तुम्हीच सांगा, असा निरोप आल्यावर कोण शहाणा माणूस घरी जाईल? कंपनीच्या यंत्राने बाईंना सरळ भामटी ठरवलं. दाद मागितली, तर यंत्रानेच उत्तर दिलं, की आम्ही आपली अडचण समजू शकतो. त्याला काडीचंही समजलेलं नव्हतं.

“मले ठग म्हणते! कॉलनीत कोणालेही विचार म्हणा!” बाई कडाडल्या.

“कोणाले सांगून राहिली? तिथं माणूसच नाही,” अच्युतराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून घरातली वीज आणि बायकोचा उत्साह, या दोन्हींच्या उधळपट्टीवर त्यांची कडक नजर असे.

नात देवश्री नवा रायपूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते ती हिंदीच. “आजी, छोड़ो ना उनको. अपना खुद का बनाते हैं.”

तिने घरातला जुना कॉम्प्युटर चपलांच्या कपाटाशेजारी मांडला आणि कुणीही फुकट वापरावा असा निरोपांचा एक प्रोग्राम त्यावर चढवला. आता मैत्रिणींच्या फोनवरच्या गप्पा कुठल्या कंपनीकडे न जाता याच खोक्यात राहणार होत्या. जाहिरात नाही, अनोळखी माणूस नाही. बाईंनी खोक्याला हळदकुंकू वाहिलं.

पण बायका जागच्या हलेनात. सगळ्या जिथे, आम्ही तिथे, असं प्रत्येकीचं म्हणणं. मग बाईंनी गळ टाकला. डबा खुळखुळवून तो आवाज फक्त नव्या ठिकाणी ठेवला, आणि कॉलनीतल्या सगळ्यांत बोलक्या बाईला, म्हणजे इरावतीला, ‘कोणाले सांगू नको’ असं बजावून ही गोष्ट सांगितली.

झालं! दुसऱ्या दिवसापासून खोक्यात बायकांची रीघ लागली. चकली म्हणा, शंकरपाळे म्हणा, बत्तासे म्हणा, अंदाजांचा पाऊस पडला. बीरगावच्या थोरल्या नणंदबाई सत्यभामाताई, गुडघ्यांपायी घराचा उंबरा न ओलांडणाऱ्या, त्याही फोनवरून तिथे आल्या आणि तो आवाज पुन्हापुन्हा ऐकत बसल्या. खाऊ मात्र कुणालाच ओळखता येईना.

बाई हरखल्या, आणि लगेच हिरमुसल्याही. खोक्यात गर्दी होती, घरात नव्हती. भुलाबाईपुढच्या सतरंजीवर गाणी म्हणायला त्या आणि देवश्री, दोघीच.

“सगळ्या घरूनच ओळखून राहिल्या गं,” सतरंजीची रिकामी बाजू गुंडाळत त्या नातीला म्हणाल्या. “मले त त्या इथं पायजे होत्या.” उद्या कोजागिरी होती, मग भुलाबाई उठणार.

कोजागिरीच्या दुपारी अच्युतराव वामकुक्षीला निघाले, तेव्हा चपलांच्या कपाटाशेजारी दिवा लुकलुकताना त्यांना दिसला. समोर कुणी बसलेलं नाही आणि मशीन चालू! त्यांनी प्लग उपसला आणि निवांत झोपले.

दिवेलागणीला बेल वाजली. दारात इरावती. “ताई, बंद काहून पडलं? तब्येत बरी आहे ना तुमची?” तिच्या मागे शेजारची अपर्णा, अपर्णामागे तिची सासू. मग कॉलनीच्या पलीकडच्या टोकाच्याही आल्या. कंपनीचं बंद पडतं तेव्हा माणूस घरी बसून वाट बघतो. हे बंद पडल्यावर कुणाचं दार वाजवायचं, ते प्रत्येकीला ठाऊक होतं. बघता बघता सतरंजी भरली, मग चटया निघाल्या.

सगळ्यांत शेवटी ऑटोतून काठी टेकत सत्यभामाताई उतरल्या. “बंद कोणी केलं?”

घरात वाघ असलेले अच्युतराव स्वयंपाकघराच्या दाराआड सरकले. “मीच, ताई. फुकटचं लाइट जळून राहिलं होतं...”

“बरं केलं! फोनातून आवाज येते, वास येते का? आण वो पद्मिनी, तो डबा.” आणि ताईंनी सरळ झाकणाला नाक लावलं.

“वास घेणं चालत नाही!” सगळ्या एकदम ओरडल्या.

“ठेठरी!” ताईंनी निकाल दिला. बेसनाची खमंग ठेठरी! अख्ख्या छत्तीसगढच्या घराघरांत होणारी, आणि या मराठी बायका आठवडाभर चकलीच्या पुढे जायला तयार नव्हत्या. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. पद्मिनीबाईंच्या डोळ्यांना धार लागली, आणि ती सगळीच काही हसण्याची नव्हती.

पहिलं गाणं सुरू झालं तशी देवश्री प्लग हातात घेऊन आली. “आजी, चालू कर दूँ?”

बाईंनी तिच्या हातातून प्लग सोडवला आणि टिपऱ्या दिल्या. “कोणासाठी, पोट्टे? सगळ्या त इथंच आहेत.”