रेजिनाची जागा

टेंपोतल्या बर्फाचं पाणी रस्त्यावर ओघळायला लागलं, तरी आमची चर्च-कमिटी ठरावच करत होती. लिहीत होतो मी. तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाचं अक्षर चांगलं असतं, म्हणून असली पापं त्याच्याच वाट्याला येतात.

टेंपोत सीताराम होता, डोंगरवाडीचा. आदल्या दिवशी छातीत कळ येऊन गेला. तीन वर्षांपासून तो वाडीतल्या एका झोपडीत रविवारी जमणाऱ्या प्रार्थनेला जायचा. ती मंडळी आमच्यातली नव्हेत. त्यांना ना चर्च, ना फादर, ना कबरस्तान. तिथे जाऊन त्याची दारू सुटली, म्हणून तो त्यांच्यात टिकला. पण वाडीखालच्या गावाने सांगितलं, धर्म सोडलेल्याला आमच्या जमिनीत पुरायला जागा नाही. कुणीतरी त्या भांडणाचा व्हिडिओ काढला आणि सकाळी तो तालुकाभर फिरत होता. मग बायको सखू त्याला घेऊन आमच्या कबरस्तानाच्या फाटकाशी आली. वरचा क्रूस दिसला म्हणून आली, दुसरं काही नाही.

आमची भीती खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. टीव्हीवर रोज धर्मांतराच्या कायद्यावरून भांडणं चाललेली. गेल्या नाताळात आमच्या गोठ्याच्या देखाव्याभोवती पोलीस बसवावे लागले होते. आताही फाटकासमोर सहा-सात जण मोटरसायकली लावून, मोबाइल उगारून उभे होते. हवालदार म्हणत होता, काय ते बारापर्यंत संपवा, पुढे माणसं वाढली तर मी एकटा आहे. फादर मांडव्याहून पहिल्या बोटीने मुंबईला गेलेले. फोनवर म्हणाले, शांतता राखा आणि नियमाने वागा.

कमिटीचे अध्यक्ष बस्त्यावशेठ. दोन बोटींचे मालक, मनाने वाईट नाहीत. ते म्हणाले, "आज याला आत घेतला की उद्या म्हनतील आपनच बाटवला. मंग आपली पोरंबाळं कुठं जातील? लिवा मास्तर, जागा शिल्लक न्हाय."

मी लिहिलं. पंधराच दिवसांपूर्वी गुड फ्रायडेला चर्चमध्ये वाचन माझंच होतं. प्रभूला परक्याच्या कबरीत ठेवलं, तिथे माझा आवाज भरून आला होता आणि लोकांनी कौतुक केलं होतं.

पायरीवर पास्कू मार्तिस बसला होता. एरवी माडावर चढून नारळ काढायचा आणि कुणी गेलं की खड्डा खणायचा. पस्तीस वर्षांत गावातलं प्रत्येक मयत त्याच्या हातून मातीत गेलं, पण कमिटीत त्याला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. बायको रेजिना अकरा वर्षांपूर्वी गेली. पोरबाळ नाही. दर रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, झाली की तो तिच्या कबरीपाशी जाऊन बसायचा.

तो उठला आणि मला म्हणाला, "मास्तर, घरच्या कबरीचा नियम काय हाय, जरा वाचा."

मी वाचला. आमच्याकडे जागा थोडी. घरातलं दुसरं माणूस गेलं की घरचीच कबर उघडतात, आधीच्याची हाडं कापडात बांधून पायथ्याशी ठेवतात आणि नव्याला निजवतात. मग दहा वर्षं तिला हात लावायचा नाही. आणि कबरीत कुणाला ठेवायचं ते त्या घराने ठरवायचं, त्यात कमिटीने पडू नये.

"माझ्या घरात मी एकलाच हाय," पास्कू म्हणाला. "मी ठरवला. सीताराम माझ्या कबरीत जाईल."

 बस्त्यावशेठ जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "दहा वर्सं बंद होईल रं ती. मंग तुला कुठं ठेवायचा?"

"तवा तुमी ठराव करा," पास्कू म्हणाला आणि कुदळ आणायला गेला.

त्याच्या छातीचा फोटो मीच अलिबागला डॉक्टरांना दाखवून आणला होता. दहा वर्षं सोडाच, पुढचा नाताळ दिसला तरी पुष्कळ, असं ते म्हणाले होते. पास्कूला ते माहीत होतं. रेजिनाशेजारी निजायचं, एवढी एकच गोष्ट त्याने आयुष्यात मागितली होती.

तो खणायला लागला. बाहेरून शिव्या आल्या, एक दगड भिंतीवर आपटला. हवालदार फाटकाला पाठ लावून उभा राहिला. खणता खणता पास्कूला खोकल्याची उबळ आली, तेव्हा मी वही खाली ठेवली आणि फावडं घेतलं. हे फार आधी करायला हवं होतं. लाज वाटत होती, पण हात चालत होते.

हाडं लागली तसा पास्कू खाली उतरला आणि हातांनी माती सारू लागला. घाईत त्याने कापड आणलंच नव्हतं. सखू काठाशी आली. तिने विचारलं, "बाबा, ही कोनाची?"

"माझी घरवाली."

सखू टेंपोकडे गेली. नवऱ्याला गुंडाळायला आणलेलं नवं पांढरं कापड तिने दातांनी धरून मधोमध फाडलं आणि अर्धं पास्कूच्या हातात दिलं. त्याने रेजिनाला त्यात बांधलं, पायथ्याशी ठेवलं आणि हळूच म्हणाला, "जरा सरक गं. पावना आलाय."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

बाराच्या आत माती झाली. मोटरसायकली हळूहळू निघून गेल्या. पास्कू घरी जाऊन होडीवर नाव रंगवायचा काळा रंग आणि ब्रश घेऊन आला. कबरीवर लाकडी क्रूस होता. त्यावर रेजिनाचं नाव आणि त्याखाली एका नावापुरती कोरी जागा. ती त्याने अकरा वर्षं राखली होती.

"तुमचा अक्षर चांगला हाय," म्हणून त्याने ब्रश माझ्या हातात दिला.

मी गुडघ्यावर बसून सीतारामचं नाव लिहिलं. सखूला वाचता येत नव्हतं. तिने ओल्या रंगाला लागणार नाही असं वरून बोट फिरवलं. पास्कूने वाकून दोन्ही नावं नीट पाहिली.

"बरोबर मावला," तो म्हणाला आणि रंगाच्या डब्याचं झाकण लावलं.