हृदयाच्या डाव्या कप्प्यात

महांतेश सरांचं लग्न हृदयावर अडलं होतं. म्हणजे आठवीच्या विज्ञानातल्या हृदयावर.

इकडे दक्षिणेत, आमच्या के. आर. पुरमच्या शाळेत शनिवारचा वर्ग ऑनलाइन असतो. शाळेनं गेल्याच महिन्यात घेतलेलं ॲप कॅमेऱ्यातून आमच्याकडे बघत बसतं. सर "कळलं का?" विचारतात, आम्ही माना हलवतो, ॲप माना मोजतं. बहुतेकांना कळलं तरच पुढचं पान उघडतं, नाहीतर तेच पान पुन्हा. शिक्षकांची रजासुद्धा हेच ॲप देतं, आणि धडा अपुरा असला की देत नाही. सोमवारी निपाणीत सरांचं लग्न, आज रात्रीची बस, आणि गेला महिनाभर आम्ही हृदयाच्या डाव्या कप्प्यात बसलेलो. रक्त आत गेलं होतं, पण बाहेर पडायचं नाव घेत नव्हतं.

सरांनी सगळं करून पाहिलं. चित्र काढलं, पंप आणला, शेवटी कॅमेऱ्यासमोर टोमॅटो कापला.

"आता तरी कळलं?"

सगळ्या वर्गानं मान हलवली. कावेरी तर कन्नडमध्ये "सरी सर, सरी सर", म्हणजे बरं सर, बरं सर, म्हणाली.

ॲपनं निकाल दिला : एका विद्यार्थ्याला कळले.

तो एक म्हणजे प्रणीत. गेल्याच आठवड्यात नागपूरहून आलाय. तो पेंगत होता.

सर खुर्चीत मागे टेकले. वर्गात आम्ही दोघंच मराठी, त्यातला एक पेंगलेला, म्हणून त्यांनी आपल्या निपाणीच्या मराठीत मलाच विचारलं, "निहार, लेका, खरं सांग. मी इतकं वाईट शिकवायलोय व्हय?"

"नाही सर. टोमॅटो छान होता."

तेवढ्यात आई दारातून म्हणाली, "पोहे देऊ का?" मी मान हलवली.

"हो का नाही ते तोंडानं सांग! इथं येऊन दोन वर्षं झाली नाहीत, तर मान लागली डुलायला. इकडून तिकडे, इकडून तिकडे. मला तर नाहीच वाटतं."

मी पोहे विसरलो. प्रणीतची मान बघितली. झोपेत ती खाली जायची, दचकून वर यायची.

"सर! आपण हो म्हणतोय ते त्याला नाही वाटतंय. त्याला मान वर-खाली लागते."

सरांनी लगेच हुकूम दिला. सगळ्यांनी माना वर-खाली केल्या. दोनदा जमलं. तिसऱ्यांदा सरांनी "शाब्बास, असंच!" म्हटलं आणि सगळा वर्ग आनंदानं डोलला. पुन्हा तेच पान.

"मला नाही जमत," कावेरी म्हणाली. "असं केलं की वाटतं मी कोंबडी आहे."

"अगं, माझं लग्न आहे!"

"मग मान तशीच राहू दे सर. लॅपटॉप आडवा करूया."

तिनं स्वतःचा लॅपटॉप पुस्तकासारखा कडेवर उभा केला. पडद्यावर ती भिंतीतून उगवल्यासारखी दिसायला लागली. तिनं मान डोलावली, आणि ती पडद्यावर चक्क वर-खाली झाली. पाच मिनिटांत सगळा वर्ग आडवा. ॲपची काही तक्रार नव्हती. त्याला फक्त होकार हवा होता.

"कळलं?"

आम्ही डोललो. रक्त डाव्या कप्प्यातून बाहेर पडलं. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. हृदय संपलं, रजा मंजूर झाली, फुप्फुसं उघडली.

"बास, बास! आता थांबायचं, बरं का?"

आम्ही आज्ञाधारक मुलं. सगळ्यांनी मान डोलावली. फुप्फुसं संपली.

"अरे, माना हलवू नका म्हणतोय! ऐकायलाय ना?"

आम्ही हो म्हटलं. मूत्रपिंड गेलं, प्रकाश गेला, चुंबक गेलं. आठवी संपली. ॲपनं अभिनंदन करून नववी उघडली. आमचे कॅमेरे बंद करायचं सुचेपर्यंत आम्ही दहावीच्या उंबरठ्यावर होतो.

सर म्हणाले, "आता सोमवारपासनं बदली मास्तर तुम्हाला काय शिकवणार?"

"हृदय," मी म्हणालो. "खरं तर आम्हाला ते अजून कळलेलं नाही सर."

सरांचा फोन वाजला. नवरीबाई शिवलीला निपाणीहून बोलत होत्या, स्पीकरवर. "अहो, रजेचं काय झालं? येताय ना?"

सरांनी हसत मान डोलावली.

"अहो, बोला की! येताय का नाही?"

सर नुसतेच डोलत राहिले. शेवटी आम्हीच सगळे ओरडलो, "येताहेत!"