लाल ठिपका

कार्डवाल्याने मोठं ग्राफिक्स कार्ड विकायला चक्क नकार दिला, तेव्हाच आत्याच्या मनात पाल चुकचुकली. दुकानदार महागाचं सोडून स्वस्तातलं घ्या म्हणतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

"तुमचा कॉम्प्युटर जुना, आत्या," तो समजावत होता. "त्याच्या पॉवर सप्लायला एवढा भार झेपायचा नाही. शिवाय हे कार्ड लांब आहे, आत मावणारही नाही. हे छोटं न्या. वापरलेलं आहे, पण ठणठणीत."

"वापरलेलं कोणी?"

"मीच."

झालं, संशयाला खतपाणी मिळालं. हा पोरगा भाचीचा वर्गमित्र. लहानपणी अभ्यासाला यायचा आणि बिस्किटांचा डबा फस्त करून जायचा. तेव्हापासून आत्याने त्याला नजरेत ठेवला होता.

पण कार्ड नेणं भाग होतं. भाचीने कॉम्प्युटरवर घरांच्या चित्रफिती बनवणाऱ्या कंपनीत अर्ज केला होता. नमुन्याची छोटीशी फिल्म सोमवारी पाठवायची होती, आणि चित्रातलं दार उघडायला घेतलं की कॉम्प्युटर मान टाकायचा. फिल्म गेली नाही, तर नोकरीवर पाणी सोडायचं.

रविवारी सकाळी दोघींनी कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं. आत्याची उभी हयात टेलिफोन केंद्रात गेलेली. खूण केल्याशिवाय वायर सोडवायची नाही, हा तिथला धर्म. तो तिने घरीही पाळला होता. प्रत्येक वायरीला आणि तिच्या सॉकेटला नेलपॉलिशचा ठिपका: कीबोर्डला हिरवा, मॉनिटरला लाल.

भाचीने कार्ड बसवलं. आत्याने टॉर्च धरून हुकूम सोडले. "लालला लाल. हिरव्याला हिरवा. बघ, खुणा असल्या की डोकं चालवावं लागत नाही."

पडदा उजळला. कार्डाचा पंखाही फिरू लागला. भाचीने कार्डाचं सॉफ्टवेअर टाकलं, फिल्म उघडली, आणि चित्रातलं दार पुन्हा निम्म्यावर अडकलं.

"पंखा फिरतोय की," भाची रडवेली झाली.

"पंखा काय, खेळण्यातलाही फिरतो. आत पोकळ असेल."

"आत्या, कार्ड पोकळ कसं असेल?"

"तुला नाही कळायचं." आत्याने तडक फोन लावला. "बिस्किटं खाल्लीस ती खाल्लीस. आता पोरीची नोकरीही खाणार का रे?"

पलीकडून तो एवढंच म्हणाला, "मी येतो."

"येतो म्हणे," आत्या फोन ठेवत म्हणाली. "पुरावा उचलून न्यायला येत असेल. चिमे, त्याच्याआधी फोटो काढून ठेव. मागून, पुढून, सगळीकडून."

ती स्वतःच टॉर्च घेऊन टेबलामागे वाकली. कार्डाच्या पाठीवर तीन सॉकेट होती. तिन्ही रिकामी.

"ही भोकं कशाची गं?"

"मॉनिटरची वायर जोडा..." भाची तिथेच थांबली.

मॉनिटरची वायर लाल ठिपक्याच्या जुन्या सॉकेटमध्ये ऐटीत बसली होती. कार्ड यायच्या आधी तिची जागा तीच होती. नवं कार्ड आत बसलं खरं, पण पडद्यापर्यंत त्याचा हातच पोचला नव्हता.

"लालला लाल," भाची हळूच म्हणाली.

"पुरे." आत्याने वायर उपसली आणि कार्डात खोचली.

या वेळी दार लोण्यासारखं उघडलं. चित्रातल्या खोलीत ऊन पसरलं. भाचीने आत्याला मिठी मारली, आणि तेवढ्यात खऱ्या दाराची बेल वाजली.

दारात कार्डवाला धापा टाकत उभा. हातात पिशवी. "माझ्या कॉम्प्युटरमधलं कार्ड काढून आणलंय. सकाळीच चाललेलं आहे. हिचं काम होईपर्यंत ठेवा."

सवयीने आत्याने पिशवीत डोकावून पाहिलं. मग स्वतःचीच लाज वाटून पिशवी त्याच्या हातात परत दिली.

"तुझं कार्ड चांगलं आहे. वायर आम्ही जुन्या जागी लावली होती."

"हात्तिच्या! फोनवर तेच विचारणार होतो," तो हसला. "पण म्हटलं, वायरींबद्दल तुम्हाला काय विचारायचं?"

आत्या आत गेली, बिस्किटांचा डबा आणून त्याच्यापुढे ठेवला, आणि झाकण घेऊन खोलीबाहेर निघून गेली.