दोन्ही बाजूंची बाकं

थेंबेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. हॉटेलातल्या आचाऱ्यांनी ते ठेवलं होतं. काठोकाठ भरलेले सूपचे बाऊल डाव्या हातावरच्या ट्रेमधून न्यायचे, गर्दीतून वाट काढायची आणि टेबलावर ठेवेपर्यंत थेंबही सांडू द्यायचा नाही, ही त्यांची ख्याती. उभा जन्म वेटरकीत गेला, पण त्या हाताने कधी दगा दिला नव्हता.

म्हणूनच, बेकरीच्या काचेत त्यांना स्वतःची चाल दिसली तेव्हा ते मागे फिरून पुन्हा एकदा काचेसमोरून चालले. उजवा हात चालताना पुढेमागे होत होता. डावा अंगाला चिकटून बसला होता.

थोरल्या भावाचा कंपवात असाच सुरू झाला होता. आधी एका हाताचा झोका गेला, मग पावलं आखूड झाली, मग जेवताना चमचा थरथरू लागला. शेवटी शेवटी भावाला सूप थेंबेरावच भरवायचे. आयुष्यात त्यांच्या हातून सूप सांडलं असेल तर तेवढंच.

बायकोला त्यांनी काही सांगितलं नाही. गुपचूप दवाखाना गाठला. तिथल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने एक फोन त्यांच्या कमरेला पट्ट्याने बांधला आणि दुसरा डाव्या मनगटाला. फोनला काय कळणार माझ्या चालीतलं, असं त्यांनी विचारलं. तेव्हा तिने हातातला फोन आडवा करून दाखवला. फोन आडवा केला की चित्रही आडवं होतं, म्हणजे आपण कुठे कललो हे त्याला समजतं; तसंच माणूस चालताना किती हिंदकळतो, पाऊल कधी टेकतं, हेही समजतं, असं तिने सांगितलं. मग त्यांना लांबलचक व्हरांड्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं.

पडद्यावरची रेघ जवळजवळ सपाट आली. पाऊल आखूड, अंगाला हेलकावा नाही, डावा हात झोपलेला. मुलगी घाबरवणारं काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजू, येताना घरच्या कुणाला तरी आणा, एवढंच म्हणाली. थेंबेरावांनी त्या ‘घरच्या कुणाला तरी’मधून काय ओळखायचं ते ओळखलं.

मग बायकोला बेकरीच्या काचेपासून सगळं सांगणं भागच पडलं. तिने आधी त्यांना फैलावर घेतलं, एकट्याने कुढत बसायला मी काय शेजारीण आहे का, म्हणाली, आणि ठरल्या दिवशी त्यांच्याआधी चपला घालून दारात उभी राहिली.

व्हरांडा त्या दिवशीही भरलेला होता. दोन्ही बाजूंच्या बाकांवर माणसं बसली होती. कुणी पाय पसरून, कुणी पिशवी खाली ठेवून. फोन बांधून थेंबेराव निघाले. त्यांच्या बाई टोकाच्या बाकावरून बघत होत्या. नवरा अर्ध्यावर आला आणि त्यांना हसू फुटलं. तोंडावर पदर धरला तरी आवरेना.

“अहो, ट्रे कुठाय?” त्या म्हणाल्या.

थेंबेरावांना रागच आला. इथे माझा जीव टांगणीला आणि हिला थट्टा सुचतेय! पण बाईंनी मोर्चा त्या मुलीकडे वळवला होता.

“हॉटेलात हा माणूस असाच चालतो बघ. समोरासमोर माणसं बसलेली दिसली की झालं. घरी चार पाहुणे आले तरी रिकाम्या हाताने असाच फिरतो. ते बघ, कुणाचा पाय आडवा आला की कसा तिरका होतो.”

थेंबेराव जागच्या जागी थबकले. मान खाली घालून पाहिलं, तर डावा हात कोपरात किंचित वाकलेला, तळवा वर. आपण तो तसा कधी धरला, हे त्यांना आठवेना.

“आणि त्या बेकरीबाहेर काय आहे?” बाईंनी विचारलं.

“टेबलं,” ते पुटपुटले. फुटपाथभर टेबलं, आणि टेबलाटेबलाशी गिऱ्हाइकं.

मुलीने कपाळाला हात लावला आणि दोघांना मागच्या अंगणात नेलं. तिथे धुतलेल्या चादरी वाळत होत्या, माणूस एकही नव्हता. पण आता थेंबेरावांचं सगळं लक्ष हाताकडे, त्यामुळे तो आणखीच आखडला. लाकडी बाहुल्यासारखी त्यांची ती चाल बाईंनी थोडा वेळ पाहिली, मग पिशवी खांद्याला लावली आणि फाटकाकडे चालू लागल्या.

“मी निघाले. किल्ली माझ्याकडे आहे.”

“अगं, थांब की,” म्हणत थेंबेराव मागोमाग निघाले. बाई काही थांबल्या नाहीत. चादरींच्या कडेने, पाण्याच्या टाकीला वळसा घालून दोघं परत आली, तेव्हा थेंबेरावांना चांगलाच दम लागला होता.

मुलीने पडदा पुढे केला. सपाट रेघेच्या जागी आता लाटा होत्या. मनगटाच्या रेघेतही.

“काका, मी खात्री देणार नाही,” ती म्हणाली. “फोन फक्त चाल सांगतो. मोठ्या डॉक्टरांना दाखवायचंच, आणि काही महिन्यांनी आपण पुन्हा मोजायचं. पण बाकं दिसली की येणारा आणि बाकं संपली की जाणारा आजार मी तरी अजून पाहिलेला नाही. तुम्हाला तिथून चालवलं, ही चूक माझी.”

 भरलेला ट्रे खाली ठेवल्यावर सोडावा तसा थेंबेरावांनी श्वास सोडला.

घरी जाताना बेकरी आली. टेबलं भरलेली होती. थेंबेरावांनी बायकोला खुणावलं आणि दोघं रस्ता ओलांडून रिकाम्या फुटपाथवर गेली. तिथेही दुकानाची एक लांबलचक काच होती.

“बघा तरी स्वतःला,” बाई म्हणाल्या.

“नको. बघितलं की पुन्हा आखडेल.”

ते समोर बघत चालत राहिले. डावा हात दर पावलाला बाईंच्या पिशवीवर आपटत होता. थोडं अंतर बाईंनी तसंच जाऊ दिलं. मग पिशवी काढून दुसऱ्या खांद्याला लावली.