फुमिएबाई पुरुषांच्या बाजूला

आमच्या गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर फुमिएबाई चालवतात. मागच्या वर्षी त्यांनी चपलांच्या कपाटाशेजारी, बंद पडलेल्या हृदयाला झटका देणारं यंत्र बसवून घेतलं. त्याची सगळ्यात जास्त टिंगल शिगेमित्सुने केली. हा आमचा टोफूवाला. वय एकाहत्तर, जीभ विशीतली.

"बाई, त्या जागी थंड दूध ठेवलं असतंत तर खपलं तरी असतं."

"तुमच्या तोंडाला लावता येतं का, विचारून बघते," बाई म्हणाल्या. ते वापरायला शिकवणारं शिबिर भरवलं तेव्हाही तो आला नाही. मी गेलो, तेही चहा होता म्हणून.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी तो गरम हौदातून बाहेर आला आणि कपडे बदलायच्या खोलीत माझ्याशी बोलता बोलता कोसळला. हाका मारल्या, हलवलं. काही नाही. मधूनच घोरल्यासारखा आवाज, बाकी श्वास नाही. मी बाईंना हाक मारून त्याची छाती दाबायला लागलो.

बाई कानाला फोन लावून, यंत्र घेऊन आत आल्या. आत आम्ही सात जण, अंगावर चिंधी नाही. सगळे पंचे शोधत सुटले.

"तुम्हाला बघायला नाही आले. तीस वर्षं गल्ल्यावर बसून सगळं बघितलंय. एक कोरडा पंचा द्या."

त्यांनी त्याची ओली छाती खसखसून पुसली, दोन पट्ट्या चिकटवल्या. यंत्र बोललं, "रुग्णाला हात लावू नका." मी मागे सरलो. बाईंनी बटण दाबलं. शिगेमित्सुचं अंग उडालं.

"थांबू नका, दाबा," बाई म्हणाल्या.

मी दाबत राहिलो. मिनिटभराने त्याने कण्हत माझा हात ढकलला. मग रुग्णवाहिका आली, त्याला घेऊन गेली. मला शर्टाची बटणं लावता येईनात, ती बाईंनीच लावली.

तीन आठवड्यांनी तो आला. गल्ल्यापाशी घुटमळला.

"बाई, त्या दिवशी तुम्ही मला... तसंच पाहिलंत?"

"पाहायला वेळ कुठे होता? पुसलं फक्त."

डॉक्टरांनी त्याला गरम हौद बंद केलाय. आता तो कोमट पाण्यात पोराटोरांबरोबर बसतो, आणि पाणी गार आहे म्हणून दर दहा मिनिटांनी बाईंच्या नावाने ओरडतो.